थायरॉइडचा रिपोर्ट हातात आल्यावर: आकडे वाचायचे कसे, गोळीचा डोस ठरतो कसा

संगमनेरला आमचं मेडिकल आहे. संध्याकाळी सहानंतर लॅबचे रिपोर्ट लोकांच्या मोबाइलवर यायला लागतात आणि तासाभरात कुणी ना कुणी फोन काउंटरवर ठेवून म्हणतंच, “ताई, बघा ना, माझा थायरॉइड किती वाढलाय!” मी स्क्रीन मोठी करून बघते. टीएसएच ११.६, शेजारी जाड अक्षरात ‘हाय’. म्हणजे थायरॉइड वाढलेला नसतोच, तो कमी पडत असतो. पण घरी जाईपर्यंत ‘वाढलाय’ हाच शब्द डोक्यात राहतो आणि काही जण त्यावरून सरळ हिशेब करतात: वाढलाय ना, मग गोळी कमी करू. असं करून तीन महिन्यांनी सुजलेला चेहरा आणि घोगरा आवाज घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत.

मी फार्मासिस्ट आहे आणि गेली अकरा वर्षं स्वतःही रोज सकाळी ही गोळी घेते. ज्यांना नुकतंच ‘तुम्हाला थायरॉइड आहे’ असं सांगितलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. तुम्ही काही एकटे नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातल्या आठ ठिकाणचे पाच हजारांहून जास्त प्रौढ तपासले होते, त्यात मुंबई आणि गोवाही होते. जवळपास ११ टक्के लोकांमध्ये हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइड कमी पडण्याचा आजार निघाला. डोस बदलायचा निर्णय डॉक्टरांचाच, ते मी इथं करणार नाही. पण डॉक्टरांसमोर बसताना आपला रिपोर्ट आपल्याला वाचता आला पाहिजे, आणि आकडा बिघडला तर गोळीच्या आधी आपली सकाळ तपासता आली पाहिजे.

आधी टीएसएच म्हणजे काय ते

गळ्यात पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. ती मुख्यतः टी-४ नावाचं हार्मोन बनवते आणि थोडं टी-३. शरीराच्या पेशी टी-४ मधून गरजेप्रमाणे टी-३ करून घेतात आणि काम चालतं ते टी-३ वर. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला सांगणारं हार्मोन, मात्र गळ्यात बनतच नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं.

आमच्याकडे ऊसतोडीची टोळी बघितलेल्यांना हे लगेच कळतं. पिट्युटरी हा मुकादम, थायरॉइड हा मजूर. काम मंदावलं की मुकादम ओरडतो. मजूर जितका थकलेला तितका मुकादमाचा आवाज मोठा. टीएसएच म्हणजे तो आवाज. तो वाढला, याचा अर्थ गळ्यातली ग्रंथी मागे पडतेय. काम गरजेपेक्षा जास्त व्हायला लागलं, म्हणजे ग्रंथीच जास्त हार्मोन बनवायला लागली किंवा आपली गोळी जास्त झाली, की मुकादम गप्प बसतो आणि टीएसएच खाली जातं.

हा मुकादम फार कान टवकारून बसलेला असतो. टी-४ जरासं घसरलं तरी टीएसएच दुप्पट-तिप्पट होऊ शकतं. म्हणून बिघाडाची पहिली चाहूल टीएसएचमध्ये लागते. आणि म्हणूनच टीएसएच दुप्पट झालं म्हणून आजार दुप्पट झाला, असं धरायचं नाही.

पहिली पायरी: रिपोर्टमधल्या नेमक्या दोन ओळी शोधा

‘थायरॉइड प्रोफाइल’ म्हणून जे पॅकेज मिळतं त्यात बहुतेक वेळा टोटल टी-३, टोटल टी-४ आणि टीएसएच असतं. गोळी चालू असलेल्या माणसाला त्यातलं टीएसएच सगळ्यात कामाचं. दुसरी कामाची तपासणी फ्री टी-४, रिपोर्टवर एफटी-४. टोटल टी-४ हा रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेला सगळा साठा धरून मोजलेला आकडा असतो. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ती प्रथिनं वाढतात, त्यामुळे टोटल टी-४ उगाच वर दिसतं. फ्री टी-४ म्हणजे प्रत्यक्ष वापरायला मोकळा असलेला भाग. लॅबमध्ये जाताना ‘टीएसएच आणि फ्री टी-४’ एवढंच सांगितलं तरी नेहमीच्या पाहणीला पुरतं. डॉक्टर अनेकदा फक्त टीएसएच मागतात, तेही बरोबर आहे.

आकड्याशेजारी एकक आणि नॉर्मलची मर्यादा छापलेली असते. टीएसएचची मर्यादा साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ अशी. काही लॅब मायक्रो-आययू प्रति मिलिलिटर लिहितात, काही मिली-आययू प्रति लिटर; दोन्हींत आकडा तोच राहतो. फ्री टी-४ मध्ये मात्र घोळ होतो. एक लॅब नॅनोग्रॅममध्ये देते, तिथे १.२ नॉर्मल. दुसरी पिकोमोलमध्ये देते, तिथे तेच १५ च्या आसपास दिसतं. एकदा एक काका घामाघूम होऊन आले होते, “एकावरून पंधरावर गेलंय.” लॅब बदलली होती, बाकी काही नाही. म्हणून शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा आणि आकडा त्याच कागदावरच्या मर्यादेशी ताडून बघा, शेजारणीच्या रिपोर्टशी नको.

आता दोन्ही आकडे जोडीनं वाचायचे.

टीएसएच जास्त, फ्री टी-४ कमी: ग्रंथी कमी पडतेय हे उघड आहे. गोळी चालू नसेल तर सुरू होते, चालू असेल तर ती पुरत नाहीये किंवा पोटात लागत नाहीये.

टीएसएच जास्त, फ्री टी-४ नॉर्मल: याला डॉक्टर सबक्लिनिकल म्हणतात. अजून गोळी चालू नसेल आणि टीएसएच १० च्या आत असेल तर घाबरून जायचं कारण नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं की अनेकांचं आपोआप खाली आलेलं असतं. १० च्या वर टिकून राहिलं तर बहुतेक डॉक्टर गोळी देतात.

टीएसएच कमी, फ्री टी-४ जास्त: हार्मोन गरजेपेक्षा जास्त झालंय. गोळी चालू असेल तर डोस जास्त, नसेल तर ग्रंथीच जोरात चाललीय, तो वेगळा आजार.

टीएसएच कमी किंवा नॉर्मल आणि फ्री टी-४ सुद्धा कमी: ही जोडी दुर्मीळ, पण दुर्लक्ष करायची नाही. मजूर थकलाय आणि मुकादमही गप्प आहे, म्हणजे बिघाड पिट्युटरीत असू शकतो. थेट एंडोक्रायनॉलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि एक जोडी आम्ही काउंटरवर लगेच ओळखतो: टीएसएच चांगलं वाढलेलं, पण फ्री टी-४ नॉर्मलच्या वरच्या टोकाला. बहुतेकदा गोळ्या महिनाभर हुकलेल्या असतात आणि तपासणीच्या आधी चार-पाच दिवस नेमानं घेतलेल्या असतात. टी-४ लवकर भरतं, टीएसएच सावकाश उतरतं. रिपोर्टला ते सगळं दिसतं. डॉक्टरांना खरं सांगा, नाहीतर ते डोस वाढवतील आणि मग तुम्ही नेमानं घ्यायला लागलात की छातीत धडधडायला लागेल.

अँटी-टीपीओ नावाची तपासणी एकदा होते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या ग्रंथीवर उलटली आहे. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला हाशिमोतो म्हणतात. कारण एकदा कळलं की पुरे. त्यावरून गोळीचा डोस ठरत नाही, त्यामुळे दर सहा महिन्यांनी त्यावर पैसे घालवू नका.

छोट्या चढउतारांचं एक सांगते. टीएसएच दिवसभरातही बदलतं. रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी. गेल्या वेळी २.१ आणि आता २.९, एवढ्यावरून ‘वाढायला लागलं’ म्हणायचं नाही. ४० टक्क्यांपर्यंतची वरखाल काहीही बिघडलेलं नसताना होते.

दुसरी पायरी: डोसकडे बघण्याआधी सकाळ तपासा

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. वर ज्या ११.६ च्या रिपोर्टचं लिहिलं, तो एका काकूंचा होता. वय पंचावन्न, ७५ मायक्रोग्रॅमची गोळी तीन वर्षं चालू, आधीचे रिपोर्ट चांगले. डोस वाढवून घ्यायला निघाल्या होत्या. मी विचारलं, “काकू, सकाळी उठल्यापासून काय काय करता, सांगा बरं ओळीनं.”

“उठते, तोंड धुते, गोळी घेते.”

“कशाबरोबर?”

“दुधाबरोबर. आता त्या गुडघ्याच्या डॉक्टरांनी हाडांसाठी गोळी दिलीय ना, ती दुधाबरोबर घ्यायची. मग म्हटलं दोन्ही एकदमच.”

कॅल्शियमची गोळी, दूध आणि थायरॉइडची गोळी, तिन्ही एकाच घोटात. कॅल्शियम या गोळीला आतड्यातच धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. काकू ७५ ची गोळी विकत घेत होत्या, पण अंगाला त्यातली किती लागत होती कोण जाणे. त्यांनी थायरॉइडच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, डोस तोच ठेवा, कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर घ्या, आठ आठवड्यांनी तपासू. आठ आठवड्यांनी टीएसएच ३.१ आलं. गोळी तीच, ७५ ची.

म्हणून आकडा बिघडला की स्वतःला हे प्रश्न विचारा, आणि उत्तरं खरी द्या.

गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घेता का? तिच्यानंतर अर्धा ते एक तास चहा, कॉफी, दूध, बिस्कीट काही नको. आपल्याकडे खरी अडचण चहाची. उठल्याबरोबर चहा लागतो ते मला माहीत आहे, मलाही लागतो. मी पहाटे साडेपाचला गजर लावते, उशाशी तांब्या-भांडं आणि बाटली असते, गोळी घेऊन परत आडवी होते. साडेसहाला चहा. ज्यांना हे अजिबात जमत नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घ्यावी, मात्र जेवून तीन तास झालेले हवेत. रात्रीची गोळीही चांगली लागते. सकाळ किंवा रात्र, एक वेळ धरा आणि सोडू नका.

कॅल्शियम, लोहाची गोळी, मल्टिव्हिटॅमिन, ॲसिडिटीचं पातळ औषध यांत आणि या गोळीत चार तासांचं अंतर आहे का? पित्तासाठी रोज पँटोप्रॅझोलसारखी गोळी चालू झालीय का? तिच्यामुळे पोटातलं आम्ल कमी होतं आणि थायरॉइडची गोळी नीट विरघळत नाही. फिटची काही औषधं, टीबीसाठीचं रिफॅम्पिसिन, गर्भनिरोधक गोळ्या यांनीही डोसची गरज वाढू शकते. नवं औषध सुरू झालं की थायरॉइडच्या डॉक्टरांना कळवायचं, मग ते कुठल्याही दुखण्याचं असो.

महिन्यात किती गोळ्या हुकल्या? बाटलीतल्या उरलेल्या मोजा, लगेच कळेल. उपासाच्या दिवशी ‘पोटात काही जायला नको’ म्हणून गोळी टाळणारे खूप आहेत. चतुर्थी, एकादशी, नवरात्र, सगळ्या उपासांत गोळी पाण्याबरोबर चालते. हरतालिकेला निर्जळ असेल तर आणि रमजानच्या रोजांमध्ये वेळ कशी बदलायची ते डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा. बरेच जण रात्री झोपतानाची वेळ धरतात. वारीला जाणाऱ्यांनी बाटली पिशवीत घ्या. पंधरा-वीस दिवस गोळी सुटली की परतल्यावर तो थकवा चालण्याचाच आहे असं वाटतं, आणि तसं नसतं.

एखाद दिवस विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा, पोट रिकामं बघून घ्या. दिवस उलटला तर काय करायचं हे आधीच विचारून ठेवलेलं बरं. ज्यांना हृदयाचा त्रास नाही त्यांना काही डॉक्टर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायला सांगतात, कारण हे औषध आठवड्याच्या हिशेबानं काम करतं. हृदयाचा त्रास असलेल्यांनी हे मनानं करू नये.

बाटली कुठे असते? गॅसच्या वरच्या फळीवर किंवा खिडकीत असेल तर आजच हलवा. ऊन, ओल आणि उष्णता या गोळीला बाधतात. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या घरात तर फारच. मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, कपाटात ठेवा.

गेल्या काही आठवड्यांत मोठं आजारपण झालं का? डेंग्यू, न्यूमोनिया, ऑपरेशन, दवाखान्यात ॲडमिट, अशा काळात थायरॉइडचे आकडे तात्पुरते हलतात. बरं होऊन सहा आठवडे जाऊ द्या आणि मग तपासा, तोवरच्या रिपोर्टवर डॉक्टर सहसा डोस बदलत नाहीत.

आणि केसांच्या गोळ्या. थायरॉइडमध्ये केस गळतात, म्हणून लोक बायोटिनच्या गोळ्या घेतात. पाच-दहा मिलिग्रॅमच्या मिळतात. बऱ्याच लॅब ज्या पद्धतीनं ही तपासणी करतात तिच्यात बायोटिन लुडबुड करतं. टीएसएच खोटंच कमी आणि फ्री टी-४ खोटंच जास्त दिसू शकतं. म्हणजे गोळी खरं तर कमी पडत असताना कागद म्हणतो जास्त झालीय. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा, जास्त डोस असेल तर त्याहून आधी, आणि लॅबवाल्याला सांगा.

कोबी-फ्लॉवरनं मात्र गोळी बिघडत नाही. शिजवलेली भाजी नेहमीच्या प्रमाणात खा. सोयाबीनच्या वड्या किंवा सोया दूध रोजचं असेल तर गोळीपासून लांब ठेवा, बस. मीठ साधं आयोडीनयुक्त. सैंधव ‘शुद्ध’ म्हणून घरात आणून आयोडीनच बंद करू नका, विशेषतः घरात कुणी गरोदर असेल तर.

तिसरी पायरी: डोस कसा ठरतो ते समजून घ्या

गोळीतलं औषध लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे आपल्याच ग्रंथीतलं टी-४, कारखान्यात बनवलेलं. आपल्याकडे थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स अशा नावांनी मिळतं. डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. ग्रंथी जवळपास पूर्ण बंद असेल तर रोजची गरज साधारणपणे वजनाच्या प्रत्येक किलोला १.६ मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या बाईला ९६, म्हणजे १०० च्या आसपास. पण ग्रंथी अर्धवट काम करत असेल तर २५ किंवा ५० सुद्धा पुरतं. म्हणून ‘माझ्या जावेला ५० आणि मला १००, म्हणजे माझा आजार जास्त गंभीर’ या बोलण्याला अर्थ नाही. वजन, वय, ग्रंथीत उरलेली ताकद, सगळं वेगळं असतं.

साठीच्या पुढे किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टर १२.५ किंवा २५ वरून सावकाश चढतात. हार्मोन अचानक वाढलं की हृदयावर ताण येतो. पुढचे बदलही छोट्या पावलांनी होतात, एका वेळी १२.५ ते २५. उदाहरणार्थ ५० वर असताना टीएसएच ८ आलं आणि गोळी घेण्यात काही चूक नाही, तर ६२.५ किंवा ७५ होतील. कधी डॉक्टर पाच दिवस ५० आणि शनिवार-रविवार ७५ असंही देतात. सात दिवसांची बेरीज ते बघतात. अशी चिठ्ठी असेल तर कॅलेंडरवर लिहून ठेवा, डोक्यात राहत नाही.

डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबायला का सांगतात? टी-४ रक्तात फार दिवस टिकतं. आज घेतलेल्यातलं अर्धं एका आठवड्यानंतरही अंगात असतं. नव्या डोसवर पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात, मग मुकादमाचा आवाज त्याप्रमाणे बसतो. पंधराव्या दिवशी तपासलेल्या टीएसएचमध्ये जुना डोस आणि नवा डोस यांची खिचडी असते. त्यावर पुन्हा डोस वाढवला की पुढच्या महिन्यात तो जास्त होतो, मग कमी करायचा, मग परत वाढवायचा. वर्षभर असं झोके खाणारे लोक मी पाहिलेत. आकडा एकदा बसला की सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा तपासणी पुरते.

बरं वाटायलाही वेळ लागतो. दोन-तीन आठवड्यांत थोडी हुशारी येते, कोरडी त्वचा आणि केस यांना काही महिने लागतात. टीएसएच नॉर्मल येऊनही थकवा राहिला तर गोळी वाढवायला सांगू नका; हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर बघायला सांगा. वजन कमी करायला म्हणून डोस चढवणं तर फार धोक्याचं. गोळी जास्त झाली की हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडं ठिसूळ होतात, पाळी गेलेल्या बायकांची विशेष.

बाटलीवरचा आकडा स्वतः वाचा, हात जोडून सांगते. आमच्याकडे एक आजोबा बाटली घेऊन आले. हात थरथरत होते, रात्रभर झोप नाही, म्हणाले, “नवी बाटली घेतल्यापासून असं होतंय.” त्यांची चिठ्ठी बघितली: १२.५. बाटली बघितली: १२५. दुसरीकडच्या दुकानात मधलं टिंब कुणाच्या नजरेत आलं नव्हतं. दहापट डोस, तीन आठवडे, बहात्तर वर्षांच्या माणसाला. आम्ही लगेच डॉक्टरांकडे पाठवलं, ईसीजी झाला, गोळी काही दिवस थांबवली. सावरले. हे दोन्ही डोस खरोखरच बाजारात आहेत, त्यामुळे चूक कुणाकडूनही होऊ शकते. तेव्हापासून मी १२.५ ची बाटली देताना गिऱ्हाइकाकडून आकडा मोठ्यानं वाचून घेते. तुम्हीही दुकान सोडण्याआधी चिठ्ठी आणि बाटली शेजारी धरा. आणि कंपनी शक्यतो बदलू नका. बदलावीच लागली तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच बघा.

दिवस गेले असतील तर थांबू नका

गोळी चालू असताना पाळी चुकली आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पहिले काही महिने बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, त्याच्या मेंदूची वाढ आईच्या हार्मोनवर चालते. आईची गरज पहिल्या काही आठवड्यांतच २५ ते ३० टक्क्यांनी वाढते. म्हणून बरेच डॉक्टर आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या लगेच सुरू करायला सांगतात. पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंटपर्यंत वाट बघण्यात नेमके मोलाचे आठवडे जातात. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर हे आधीच बोलून, चिठ्ठीवर लिहून घ्या.

गरोदरपणात टीएसएच सहसा २.५ च्या खाली ठेवतात आणि पहिले चार-साडेचार महिने दर चार आठवड्यांनी तपासतात, मग तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा. लोह आणि कॅल्शियम त्याच काळात सुरू होतं, तेव्हा चार तासांचं अंतर इथं सगळ्यात जास्त जपायचं. सकाळी थायरॉइड, दुपारी जेवणानंतर लोह, रात्री कॅल्शियम अशी वाटणी सोपी पडते. उलट्या होत असतील तर डॉक्टरांशी बोलून गोळी रात्री घेता येते. बाळंतपणानंतर डोस सहसा आधीच्या आकड्यावर येतो आणि सहा आठवड्यांनी तपासणी होते. गोळी अंगावर पाजतानाही चालते.

घरातल्या आजी-आजोबांसाठी वेगळा आकडा

वय वाढलं की टीएसएच जरा वर जातं, ते निसर्गतःच. सत्तरीच्या पुढे ५ किंवा ६ आलं तर लॅबचा कागद ‘हाय’ छापतो, पण डॉक्टर तसंच राहू देतात आणि बरोबर करतात. २०१७ साली युरोपातल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ६५ वर्षांवरच्या सबक्लिनिकल लोकांना वर्षभर ही गोळी देऊन बघितली; थकव्यात किंवा बाकी त्रासात, औषध नसलेल्या रिकाम्या गोळीपेक्षा जास्त फायदा झाला नाही. तेव्हा आजीचा आकडा सुनेच्या आकड्याइतका आणण्यासाठी मुलांनी डॉक्टरांच्या मागे लागू नये.

याच्या उलट, थायरॉइडच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्यांचं टीएसएच मुद्दाम खाली ठेवतात. त्यांच्या रिपोर्टवरचा ‘लो’ बघून घरच्यांनी गोळी कमी करायची नाही.

ज्यांची ग्रंथी जास्त काम करते त्यांची गोळी वेगळी असते, कार्बिमॅझोल. तिथे टीएसएच महिनोन्महिने दबलेलं राहतं, म्हणून डॉक्टर फ्री टी-४ आणि टी-३ बघून डोस ठरवतात. ती गोळी चालू असताना ताप आणि घसादुखी एकत्र आली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासा. क्वचित होतं, पण होतं तेव्हा जिवावर बेततं.

रक्त द्यायच्या दिवशी

या तपासणीला उपाशी असायलाच पाहिजे असं नाही, पण दर वेळी साधारण एकाच वेळी द्या, सकाळ सोयीची. गोळी रक्त दिल्यानंतर घ्या. आधी घेतली तर पुढचे काही तास फ्री टी-४ उंचावलेलं दिसतं. गोळी डब्यात बरोबर न्या, रक्त दिलं की पाण्याबरोबर घ्या आणि मग अर्ध्या-एक तासानं नाश्ता.

डॉक्टरांकडे जाताना

दोनशे पानी वही नको, एक पान पुरे. तारीख, चालू डोस, टीएसएच, फ्री टी-४, वजन, किती गोळ्या हुकल्या, दुसरी औषधं कोणती आणि किती वाजता. प्रत्येक तपासणीला एक ओळ. तीन ओळी झाल्या की डॉक्टरांना नुसत्या शेवटच्या आकड्यापेक्षा खूप जास्त दिसतं. वेगळ्या गावच्या डॉक्टरांकडे जावं लागलं तरी ते पान बोलतं.

पुढच्या तारखेची वाट न बघता जायचं कधी, तेही त्याच पानाच्या मागे लिहून ठेवा. छातीत दुखणं, ठोके फार जोरात किंवा वेडेवाकडे पडणं, चक्कर येऊन पडणं. हात थरथरणं, झोप उडणं, जुलाब आणि झपाट्यानं उतरणारं वजन हे सगळं मिळून. आणि बऱ्याच दिवसांपासून गोळी बंद असलेलं माणूस थंडगार, सुस्त, बोलण्यात घोटाळे करणारं वाटलं, तर त्याला उठवून गोळी देत बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या.

काढा किंवा चूर्ण सुरू केलं म्हणून ही गोळी परस्पर बंद करू नका. दुसरा उपचार घ्यायचा असेल तर घ्या, पण गोळी चालू ठेवून, डॉक्टरांना सांगून, आणि आठ आठवड्यांनी टीएसएच बघून.

नवी बाटली उघडली की मी झाकणावर पेननं दोन गोष्टी लिहिते: उघडल्याची तारीख आणि पुढच्या तपासणीचा महिना. सध्याच्या झाकणावर ‘२५ तारीख’ आणि ‘कार्तिक’ लिहिलंय. सासूबाईंची बाटली शेजारीच असते, तिच्यावर त्यांचं नाव मोठ्या अक्षरात, कारण त्यांची २५ ची आणि माझी ८८ ची, आणि पहाटे साडेपाचला दोन्ही झाकणं सारखीच दिसतात.